पत्र्याच्या डबीतलं घड्याळ

८ सप्टेंबर

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

मैदानाला कुलूप असताना एखादी मुलगी दीड सेकंदाने वेगवान कशी होते? चार दिवस डोकं खाजवतेय, मला उत्तर येत नाही. खेळाची शिक्षिका म्हणवते आणि येत नाही! आयुष्यभर सेकंद उघडून बघणारे घरात तुम्हीच, म्हणून तुम्हाला विचारते.

यंदा साथीमुळे स्पर्धा नाहीत, सराव नाही. क्रीडा वसतिगृहाच्या सहा जागा मात्र आहेत, आणि त्या नुसत्या आकड्यांवर भरायच्या. म्हणून मी शाळेमागच्या गल्लीत फीत लावून शंभर मीटर आखले. एका वेळी एक मुलगी आणि तिच्या घरचं एक माणूस. मुलीने धावायचं, घरच्याने फोनवर वेळ मोजायची, कार्डावर लिहून सही करायची आणि कार्ड फाटकावरच्या पेटीत टाकायचं. बावीस मुली नेमाने येतात. मास्कवरून नुसते डोळे दिसतात, पण हसतात ते कळतं.

त्यातल्या एकीला सगळे खार म्हणतात. आई इस्त्रीचं काम करते, घरात फोन नाही. म्हणून तुमचं ते चावीचं स्टॉपवॉच पत्र्याच्या डबीत घालून मी तिच्याकडे दिलं. फेब्रुवारीत याच घड्याळाने मी स्वतः मोजलं होतं: सोळा पूर्णांक एक. जूनमध्ये तुम्ही दुरुस्त करून पाठवल्यापासून ते लोण्यासारखं चालतं. आणि आता खारीच्या कार्डावर काय, तर चौदा पूर्णांक सहा! तीन आठवडे तेच, कधी चौदा-सहा, कधी चौदा-सात.

मुख्याध्यापिकाबाई म्हणतात की ज्या घरात फोनसुद्धा नाही तिथल्या आकड्यावर आपण शाळेचा शिक्का कसा मारायचा, कार्ड बाजूला ठेवा. महिनाअखेर यादी जायची आहे. मला ते आवडलं नाही, पण काका, खरं सांगते, संशय मलाही येतोय.

काकूंना नमस्कार. तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
तुमची मास्तरीण

१२ सप्टेंबर

चि. मास्तरीणबाईंना अनेक आशीर्वाद.

अक्षर काकूचं आहे, शब्द माझे. बोट कापलंय, म्हणून तिला बसवलंय. ती मधेमधे स्वतःचं घुसडत नाही ना, यावर माझं लक्ष आहे.

घरातली पहिली पदवीधर तू, आणि एवढी साधी गोष्ट कळू नये? घड्याळाला पोट नसतं, म्हणून ते खोटं बोलत नाही. माणसाला असतं. त्या बाईची पोर वसतिगृहात गेली तर दोन वेळच्या जेवणाची आणि शिक्षणाची सोय होते. मी तिच्या जागी असतो तर माझंही बोट खटक्यावर लवकर पडलं असतं. आकडे कसे एका माळेत ओवल्यासारखे आलेत बघ. खरा आकडा असा शहाण्या मुलासारखा बसत नाही.

उपाय सांगतो. न सांगता जा, आडोशाला उभी राहा आणि तुझ्या फोनवर मोज. हातच्या कांकणाला आरसा कशाला? चोर सापडला की मात्र ओरडू नकोस. मलाही गिऱ्हाइकांनी कमी फसवलेलं नाही. हल्ली तर घड्याळ नेतात आणि आठवड्याने परत आणून म्हणतात, चालत नाही. स्वतःच पाडतात आणि नाव माझं!

काकूचा आग्रह आहे की तू वेळेवर जेव. हे तिने घुसडलं.

तुझ्या यशाची वाट पाहणारा,
काका

१७ सप्टेंबर

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

गेले. पाण्याच्या टाकीमागे चोरासारखी उभी राहिले. इस्त्रीवाल्या बाईंनी हात खाली केला तसा मी फोन चालू केला. खार आली. फोनवर पंधरा पूर्णांक नऊ. बाईंनी कार्डावर लिहिलं चौदा-सहा. मी टाकीमागून बाहेर आले आणि, काका, तुम्ही नको म्हटलं होतं तेच केलं. पकडलं, असं मोठ्याने म्हणाले.

बाई भांडल्या नाहीत. पदराने डबी पुसली, माझ्यापुढे कट्ट्यावर ठेवली, दोन पावलं मागे सरकल्या आणि म्हणाल्या की आता तुम्हीच मोजा, माझं बोट नको मधे. खार माझ्याकडे बघत नव्हती, बुटाची नाडी परत परत बांधत होती.

दम खाऊन ती पुन्हा धावली. एका हातात फोन, एका हातात घड्याळ, दोन्ही खटके मीच दाबले. फोन सोळा. घड्याळ चौदा-सात.

मग कट्ट्यावर दोन्ही शेजारी ठेवून चालू केली. फोनचं मिनिट पुरं झालं तेव्हा घड्याळाचा काटा पंचावन्नावर होता. तीनदा केलं, तीनदा पंचावन्न. बाईंनी दिसलं ते लिहिलं होतं, इतके आठवडे.

काका, फेब्रुवारीत हे घड्याळ बरोबर होतं. जूनमध्ये तुम्ही आत काय बदललंत? रागावू नका, मला यादीसोबत कारण लिहावं लागेल. आणि एक विचारू? बोट अजून बरं झालं नाही का?

काळजीत असलेली,
मास्तरीण

२१ सप्टेंबर

चि. मास्तरीण हिस आशीर्वाद.

चाळीस वर्षं या खुर्चीवर बसलोय. माझ्या हातून गेलेलं घड्याळ मिनिटाला पाच सेकंद मागे पडतं, हे तू, माझी पुतणी, मला लिहितेस? तुझा फोन तपासलास? त्या बाईने डबी आपटली नसेल कशावरून? की मुख्याध्यापिकेनेच कुणाला आत पाठवायचं म्हणून काही केलं? सगळीकडे बघ, मग माझ्याकडे बोट दाखव.

जूनमध्ये आतली केसासारखी बारीक कमान गंजली होती, ती बदलली. डाव्या खणातल्या डबीतली घातली, जिथली नेहमी घालतो. झालं समाधान?

बोट बरं आहे. अक्षर काकूचं आहे, कारण तिला आवडतं.

काका

पोरी, खालच्या ओळी माझ्या. हे मी त्यांच्या समोर बसून लिहितेय आणि त्यांना वाटतंय मी पत्ता घालतेय. यावरून समज. बोट कापलंच नव्हतं. उन्हाळ्यापासून त्यांना नजरेपुढे धुकं दिसतं. डबीवरची चिठ्ठी वाचता येत नाही, हाताच्या सवयीने उचलतात, आणि डाव्या खणात आता उजव्याच्या, दुसऱ्याच मापाच्या कमानींच्या डब्या गेल्यात. मी काही बोलले तर म्हणतात की तू गिऱ्हाइकांना फितूर झालीस. तुझ्यावर ते रागावतील, पण तुझं ऐकतील. काकू.

२९ सप्टेंबर

ती. काका आणि काकू यांस,
सा. न. वि. वि.

काकू, हे मोठ्याने वाचा आणि काही गाळू नका. काका, त्यांच्यावर चिडू नका. मला तुमच्या डोळ्यांचं त्यांनी सांगितलं, पण मी ते आधीच ओळखायला हवं होतं. पदवी परीक्षेचा निकाल लागला तेव्हा शेजारी विचारत होते की हिचा पेपर कुणी लिहिला. त्या दिवशी दुकान बंद ठेवून तुम्ही एकेकाच्या दारात माझी गुणपत्रिका घेऊन गेला होतात. आणि मी टाकीमागे उभी राहिले.

तुम्ही लिहिलंत, सगळीकडे बघ. तेवढं वाक्य मी मानलं. रात्रभर एकच गोष्ट टोचत होती: बावीस घरांपैकी फोनवाल्या एकवीस घरांची वेळ मी एकदाही तपासली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. म्हणून सगळी कार्डं रद्द केली. पाच दिवस सकाळी सहा ते नऊ, एकेक मुलगी, एकच फोन, आणि खटका माझ्या हातात. औषधवाल्यांच्या मुलीच्या कार्डावर पंधरा होते, ती सतरा-दोनमध्ये आली. वडील म्हणाले की घड्याळ सुरू करताना त्यांचं बोट जरा उशिरा पडतं. आणखी चार घरांतली बोटंही उशिराच पडत होती. खार पंधरा-आठ. बावीस जणींत चौथी. सहांत आली.

इस्त्रीच्या टेबलापुढे उभी राहून मी माफी मागितली. बाईंनी इस्त्री न थांबवता ऐकून घेतलं. निघताना म्हणाल्या की मास्तरीणबाई, पुढच्या वेळी टाकीसमोर उभ्या राहा, सावली आहे तिथे.

घड्याळ याच टपालाने परत येतंय. दुसऱ्या कुणा कारागिराच्या हातात मी ते दिलेलं नाही, देणार नाही. कमान तुम्हीच बदलायची, पण नीट दिसायला लागल्यावर. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तुमचं नाव नोंदवलं आहे, शुक्रवारी सकाळी दहाला. मी न्यायला येते.

यादीत कारणाचा एक रकाना होता. मी लिहिलं: ‘घड्याळ आमच्या घरचं होतं, न तपासता मी दिलं. ते चुकलं तेव्हा शिक्षिकेने एकाच घरावर संशय घेतला, म्हणून सर्वांची वेळ पुन्हा मोजली.’ मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या की असलं काही लिहितात का, खोडून टाका. तोवर मी पाकीट चिकटवलं होतं. बाराच्या टपालाने ते गेलं.

रागावलात तरी माया आटू देऊ नका.
तुमची,
मास्तरीण