दोन मिलिमीटरची फट

३ फेब्रुवारी
बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन छान झालं. पंधराला, शनिवारी, डिस्चार्ज. डॉक्टर म्हणाले, बाथरूममध्ये धरायला भक्कम दांडा लावून घ्या. ताई लगेच म्हणाली, बाबांना मी नेते. मी ठणकावून सांगितलं, बाबा माझ्याकडेच येणार. नुसता दांडाच काय, भिंतींना टाइल्सही नव्या. आठ दिवस म्हणजे डोक्यावरून पाणी.

६ फेब्रुवारी
जुन्या टाइल्स फोडून झाल्या. मिस्त्रींशी वाजलं. दोन टाइल्सच्या मधे दोन मिलिमीटर फट ठेवायचीच म्हणे, नंतर त्यात ग्राउट, म्हणजे सांधे बुजवायचं पातळ सिमेंट, भरायचं. फट सारखी राहावी म्हणून प्लास्टिकच्या इवल्याशा फुल्या. म्हटलं, फटीत घाण बसते. वीस वर्षं ऑफिसात फायली लावतोय, दोन फायलींमधून मुंगी जात नाही. तर म्हणाले, साहेब, फायली गरम पाण्याने अंघोळ करत नाहीत. उद्धट माणूस. थैली उचलून गेले. बरंच झालं. मीच लावणार. रजा टाकली.

८ फेब्रुवारी, दुपारी १२
पहिली ओळ लागली. टाइलला टाइल चिकटून, फट नावालाही नाही. बायकोला दाखवली. ती म्हणाली, डावीकडे चढलीये का? म्हटलं, तू तिरकी उभी आहेस.

१० फेब्रुवारी
चौथी ओळ. टाइल्स एका मापाच्या नाहीत. उजवीकडे केस जात नाही, डावीकडे बोट जातं. दोष कारखान्याचा. काही टाइल्स आत, काही बाहेर. उपाय सापडला: मागून सिमेंटचा जाड थर. कंबर धरली. आम्ही अजून शेजारी अंघोळीला जातो. बायको बोलेनाशी झाली आहे. शांततेत काम चांगलं होतं.

१२ फेब्रुवारी
ग्राउट. फटच नाही तिथे भरणार कुठे? वरून बोटाने फासलं. वाळल्यावर पापुद्रे निघाले. पुन्हा फासलं.
बाबा पडले ते याच बाथरूममध्ये. हाका मारत होते. मी टीव्ही बघत होतो, आवाज मोठा होता. ते आत्ता आठवायचं काही कारण नाही.

१४ फेब्रुवारी, संध्याकाळी ६
दांडा बसवला. ताई बघायला आली. म्हटलं, लटकून दाखवतो. दोन्ही हातांनी जोर दिला. दांडा हातात आला, सोबत चार टाइल्स. स्क्रू भिंतीपर्यंत पोचलेच नव्हते, माझ्या सिमेंटमध्येच अडकले होते. ताई रागावेल असं वाटलं. ती खाली बसून तुकडे वेचू लागली. मग हळूच म्हणाली, उद्या बाबांना मी नेते रे. म्हटलं, ठीक. पण तात्पुरतं.

१७ फेब्रुवारी
मिस्त्रींना फोन केला. महिनाभर वेळ नाही म्हणाले. अडलंय कुणाचं?

२३ फेब्रुवारी, रविवार
ताईकडे गेलो. बाबा वॉकर घेऊन दारापर्यंत आले. विचारलं, झालं का रे बाथरूम? म्हटलं, झाल्यातच जमा आहे. दोन दिवस. त्यांनी माझ्या सिमेंटने फुटलेल्या बोटांकडे बघितलं. मग ताईला म्हणाले, बॅगेतले कपडे काढ गं, कपाटात लाव.
ताई स्वयंपाकघरात मला म्हणाली, आठ दिवस ती बॅग उघडू देत नव्हते. म्हणायचे, राहू दे, तो न्यायला येईल.
कपाटात जागा मीच करून दिली.