तिसऱ्या कडव्याची आई

तीर्थरूप मामी,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं सध्या बसच्या काचेला टेकवलंय आणि खड्डा आला की आपटतंय, म्हणून अक्षर असं. तुझ्या पायांवर ते मनाने ठेवलंय असं धर.) तुझी कंबर कशी आहे? मशीनवर बसताना पाठीशी उशी घेतेस का, की ती उशी अजून मामाच्याच डोक्याखाली असते? मामालाही नमस्कार सांग. तो विचारेल, "कुठे उंडारतोय कार्टं?" तर सांग की उंडारत नाही, बँडबरोबर फिरतोय. त्यावर तो जे म्हणेल ते मला कळवायची तसदी घेऊ नकोस.

मी ठणठणीत आहे. वजन थोडं कमी झालंय, पण ते कपड्यांचं असावं, कारण निम्मे कपडे कुठल्या तरी गावच्या दोरीवर वाळत राहिले. आधी तुझे आभार मानतो, कारण मी एकदा भरकटलो की परत मुद्द्यावर येईन याची खात्री नाही. (शाळेत बाई माझ्या निबंधावर लाल शाईने "विषय कुठे आहे?" असं लिहायच्या. मला खरंच वाटायचं की त्या मला विचारतायत.) तर आभार कशाचे, तर उलट्या टिपेचे. निघताना तू माझ्या पिशवीत सुईदोऱ्याची डबी कोंबलीस आणि मी तोंड वाकडं केलं. एका गावी आम्ही हॉलबाहेर रांगेत उभे असताना आतून बँडचा व्यवस्थापक धावत आला. याला सगळे काळा शर्ट म्हणतात, कारण त्याच्याकडे दुसरा नाहीच. म्हणाला, "कुणाकडे सुई आहे का, सुई?" रांगेत काय नव्हतं. गिटारी होत्या, मानेवर बँडचं चित्र गोंदवलेला एक जण होता, घडीची शिडी घेऊन आलेलाही एक होता. सुई फक्त माझ्याकडे. ड्रमवाल्याची पँट बसताक्षणी नको त्या ठिकाणी उसवली होती. तो टॉवेल गुंडाळून बोळात उभा, आणि मी जमिनीवर मांडी घालून तू शिकवलीस तशी उलटी टीप घालतोय. शिवण त्या दिवशी टिकली आणि अजून टिकून आहे. तो माणूस दोन्ही पायांनी किती जोर लावतो ते तू पाहिलं असतंस तर त्या शिवणीला हार घातला असतास. तेव्हापासून मला तिकीट लागत नाही. मी खुर्च्या मांडतो, खुर्च्या उचलतो, काही उसवलं तर शिवतो, आणि मधल्या वेळात गाणी ऐकतो. लोक मला टेलर म्हणतात. ते ऐकताना मला तुझी आठवण येते आणि जरा लाजही वाटते, कारण काजं करायला मला अजून जमत नाही.

आता मुद्दा. मुद्दा कळायला तुला आमचं "ला ला" कळायला हवं.

बँडचा गाणारा जो आहे, त्याला आम्ही घसा म्हणतो. तोंडावर नाही, तोंडावर "दादा". त्याचं एक संथ गाणं आहे. रेकॉर्डवर त्याची दोनच कडवी आहेत. तिसरं कडवं त्याने फक्त कार्यक्रमांसाठी राखून ठेवलं आणि पहिल्याच कार्यक्रमात नेमकं तेच विसरला. मग त्याने काय केलं, तर शब्दांच्या जागी "ला ला ला" म्हणून वेळ मारून नेली. लोकांना ते इतकं आवडलं की पुढच्या कार्यक्रमात त्याने तोंड उघडायच्या आत सगळा हॉल "ला ला" म्हणायला लागला. झालं. तेव्हापासून तिसरं कडवं आमचं. हात वर, डोळे बंद, आणि अनोळखी माणसाच्या खांद्यावर डोकं ठेवून "ला ला". मामी, मी फार कशाला देवघर म्हणत नाही, पण त्या वेळी त्या घामट हॉलमध्ये मला कुणीतरी आत घेऊन दार लावल्यासारखं वाटतं. आमच्यात एक नर्सताई आहेत, वर्षभर सुट्ट्या साठवून बँडमागे फिरतात. त्या म्हणतात, त्यांना फक्त त्याच कडव्यात झोप पूर्ण झाल्यासारखी वाटते. आवाज कमी-जास्त करायच्या बटणांच्या फळीवर बसणारा माणूससुद्धा तिथे सवयीने घशाच्या माईकचा आवाज खाली घेतो, म्हणजे आमचा आवाज वर येतो. त्या जागी शब्द आहेत हे कुणाच्या गावीही नव्हतं.

मागच्या आठवड्यात घशाची आई आली. (आम्ही तिला "घशाची आई" म्हणतो ते तिला कळलं. म्हणाली, "खोकल्याच्या औषधाचं नाव वाटतंय." आणि स्वतःच हसली.) ती जन्मभर लोकांचे कपडे धुऊन-इस्त्री करून पोट भरत आलेली बाई. हात अजून तसेच, लालसर आणि गुळगुळीत. लेकाचा कार्यक्रम तिने कधीच पाहिला नव्हता. आली ती एवढ्यासाठीच, की घशाने फोनवर सांगून टाकलं होतं: एका गाण्यात तुझ्यावर एक कडवं आहे, आजवर कधी गायलो नाही, तू येशील तर गाईन. हे सांगून त्याने लगेच फोन ठेवला. तो असाच आहे म्हणे. हॉलभर माणसांसमोर काळीज काढून ठेवेल, पण आईशी बोलताना हवापाणी आणि घशासाठी केलेल्या गुळण्या, यापलीकडे विषय नाही. हे सगळं मला तिनेच सांगितलं, कारण काळ्या शर्टाने तिची खुर्ची सांभाळायचं काम माझ्यावर टाकलं होतं. खुर्ची अगदी स्टेजच्या कडेला, घशाच्या पायांशी. मी शेजारी उभा. ती पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलेली, जणू काही गाणं पिशवीतूनच न्यायचं होतं.

गाणं सुरू झालं. पहिलं कडवं, दुसरं कडवं. मग घशाने डोळे मिटले, मोठा श्वास घेतला, आणि आम्ही सगळ्यांनी, मामी, आम्ही सगळ्यांनी, पोटतिडकीने, छप्पर उडेल असं "ला ला ला" सुरू केलं. मीसुद्धा. मला सगळं माहीत होतं ग. पण तिसरं कडवं आलं की माझे हात आपोआप वर जातात आणि डोळे आपोआप मिटतात, त्याला मी काय करू. फळीवरच्या माणसाने माईक खाली घेतला. डोळे उघडले तेव्हा घशाचे ओठ हलत होते आणि ते "ला ला" म्हणत नव्हते. मग ते हलायचे थांबले. कडवं संपलं. टाळ्यांनी भिंती हलल्या.

मी मान खाली घालून आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "छान होतं हो माझं कडवं. सगळ्यांना पाठ आहे."

मामी, त्या क्षणी मला तुझ्या मशीनखालच्या चिंध्यांच्या टोपलीत जाऊन बसावंसं वाटलं.

पुढच्या गावी आणखी एक कार्यक्रम होता, आणि त्यानंतर लवकरच ती परत जाणार होती. मी ठरवलं, काही झालं तरी लोकांची तोंडं बंद ठेवायची. कार्यक्रम दुपारी होता, कारण संध्याकाळी त्याच हॉलमध्ये बॅडमिंटनचे सामने होते. सकाळपासून मी आणि नर्सताई रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलो. एक जण म्हणाला, "ला ला आमचं आहे. बँडने ते आम्हाला दिलंय." दुसऱ्याने विचारलं, "मग तिसरं कडवं आलं हे आम्हाला कळणार कसं?" शिडीवाल्याने मनातल्या मनात म्हटलं तर चालेल का अशी रीतसर परवानगी मागितली. नर्सताई इंजेक्शन द्यायच्या आधी बोलतात त्या सुरात प्रत्येकाला सांगत होत्या, "काही होत नाही. फक्त तोंड मिटायचं. संपलंसुद्धा." आणि बघ, एवढे हट्टी लोक, कुणी कुणाचं न ऐकणारे, पण त्याच्या आईचं आहे म्हटल्यावर सगळे कबूल झाले. एकाने तर आतापासूनच तोंडावर रुमाल बांधला. मला इतकं भरून आलं की मी त्याला माझी शेवटची बिस्किटं दिली. त्याला ती खाता आली नाहीत, तो भाग वेगळा.

एवढी तयारी झाली. एकच गोष्ट राहिली. घशाला सांगायचं राहिलं.

मला वाटलं नर्सताईंनी सांगितलं, त्यांना वाटलं काळ्या शर्टाने, काळ्या शर्टाला वाटलं हे रांगेतलं काम आहे. आणि तिकडे घशाने मनाशी ठरवून टाकलं होतं की लोकांना "ला ला"च हवंय, तर उगाच त्यांच्या आड का यायचं. आईलाही ते आवडलंच होतं. तर तिसरं कडवं आलं, तसा तो माईकपासून एक पाऊल मागे सरला आणि आमच्या "ला ला"ची वाट पाहू लागला. आम्ही तोंडं मिटून त्याच्या शब्दांची वाट पाहू लागलो. गिटारवाला तेच ते सूर गोल गोल फिरवतोय. ड्रमवाला काठ्या हवेत धरून इकडे बघतोय, तिकडे बघतोय. मामी, एवढ्या माणसांची एवढी शांतता मी कुठे ऐकली नव्हती. छताचा पंखा कुरकुरत होता तो ऐकू येत होता.

आणि माझ्या डाव्या कानाशी एकदम सुरू झालं: "ला, ला ला, ला." घशाची आई. सूर कुठे, ताल कुठे, काही विचारू नकोस, दारावर आलेल्या भाजीवाल्याला थांबवताना काढतात तसा आवाज. पिशवी मांडीवरच. घशाने खाली पाहिलं. आधी त्याला हसू फुटलं, मग तो पुढे आला, माईक हातात घेतला, आणि हसत हसत गायला लागला, शब्दांसकट, सगळं कडवं, सलग. फळीवरच्या माणसाने या वेळी हात काखेत दाबून धरला होता.

तू विचारशील, शब्द काय होते. तेच तर. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. आईचं "ला ला" शेवटपर्यंत माझ्या कानात सुरू होतं. लेक गातोय म्हटल्यावर तिला आणखीच जोर चढला. मागच्यांना ऐकू गेलं म्हणे, पण एक म्हणतो त्यात दाराची कडी होती, दुसरा म्हणतो पाऊलवाट होती, आणि नर्सताई रडत होत्या, त्यामुळे त्यांची साक्ष धरता येत नाही. आणि जिच्यासाठी हा खटाटोप, ती स्वतःच्या आवाजापुढे काय ऐकणार? उतरल्यावर घशाने लांबूनच विचारलं, "ऐकलंस ना?" ती म्हणाली, "हो, आज मीच म्हटलं." त्याचा चेहरा पाहवेना.

तरी मामी, खरं सांगू का, मी खूश आहे. एवढी माणसं एका बाईसाठी गप्प बसली, आणि ती बाई लेकासाठी बेसूर झाली, आणि हे बघायला मी तिथे खुर्चीला हात लावून उभा होतो. तेही तुझ्या डबीतल्या सुईमुळे. बाहेर पडल्यावर मी उगाचच तीन-चार जणांचे आभार मानले. त्यातला एक नुकताच आलेला बॅडमिंटनवाला होता.

आता थांबतो. बस चहासाठी थांबतेय आणि पेनची शाईही संपत आलीय. कंबरेला जप, उशी परत घे.

तुझा,
भाचा (टेलर)

ता. क. – एक किरकोळ राहिलं. बँडचा पुढचा मुक्काम तुमच्या गावी आहे आणि रविवारी सुट्टी आहे. मी घशाला म्हटलं, हॉलमध्ये जमत नाही तर एखाद्या बंद खोलीत आईसमोर बसून गा. तो आधी पांढरा पडला, मग म्हणाला, "खोली कुणाची?" मामी, माझ्या तोंडून तुझंच नाव निघालं. तर बाहेरच्या खोलीतल्या लोकांच्या पँटी जरा बाजूला करून दोन खुर्च्या मांडशील का? बाकी काही नको. हे पत्र आणि आम्ही एकाच वेळी पोचू अशी शक्यता आहे. तसं झालं तर आधी दार उघड, पत्र मागाहून वाच.

ता. क. – दोन नाही, आठ. ड्रमवाल्याला शिवण शिकवणारीला बघायचंय, आणि नर्सताई मामाच्या उशीचं मी बघते म्हणाल्या.

ता. क. – हे शेवटचं, आणि मामाला वाचून दाखवू नकोस. घशाची आई बँडच्या गाडीत बसत नाही (गाडीला मोज्यांचा वास येतो), ती आमच्या बसमध्ये माझ्या शेजारीच आहे. कुणाला लिहितोस म्हणून विचारलं, मी सगळं वाचून दाखवलं. तिने मांडीवरची पिशवी सारखी केली. मग म्हणाली, "शर्ट निळा नव्हता. पांढरा होता. आणि ओलाच घालून पळाला म्हणून मी त्याच्या पाठीत धपाटा घातला होता, तो गाळलाय मेल्याने." मी विचारलं, कुठला शर्ट? तर म्हणे कडव्यातला. पहिल्याच दिवशी ऐकलं होतं सगळं, आमच्या गोंगाटातून. "त्याचा आवाज मला ऐकू येणार नाही होय रे?" मग दुसऱ्या दिवशी मध्येच "ला ला" का केलंत, विचारलं, तर म्हणाली, "शाळेच्या गॅदरिंगलाही असाच तोंड उघडं ठेवून उभा राहायचा. कुणीतरी सुरुवात करून द्यावी लागते." मी म्हटलं, दादांना सांगतो, त्यांच्या जिवाला लागून राहिलंय. तिने माझा दंड असा धरला की पेन खाली पडलं. "खबरदार सांगशील तर. मग रविवारी तो कशाला येतोय माझ्यासमोर बसायला?" तर मामी, तुला माहीत आहे हे त्याला कळू देऊ नकोस, आणि गाणं झाल्यावर तो उठायला लागला, तर त्याच्या शर्टाचं एखादं बटण सैल आहे म्हण आणि सुईत दोरा ओवायला वेळ लाव.