यो-यो, वंगण आणि तेहतीस अनारसे

१५ एप्रिल १९३४, रविवार
अधिक महिना लागला. सासरहून, धनजहून, मेहुणा उत्तमराव सहा मेच्या धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं घेऊन आला. बोलावणं दोन मिनिटांत आटोपलं, मग खिशातून यो-यो काढला. लाकडाच्या दोन चकत्या, मध्ये दांडी, दांडीला दोरा. सोडला की खाली, झटका दिला की वर. अकोल्याला कापसाच्या जिनात कारकून असल्यावर दुसरं काम काय? आमच्या ओट्यावर उभं राहून तेहतीस वेळा केलं आणि वर म्हणाला, "भाऊजी, हे मनगटाचं काम हाये. तुमचं मनगट वांगे तोडाले ठीक हाये."

मी त्या घरचा जावई. तिथल्या तिथे सांगून टाकलं की सहा मेला तुमच्याच ओसरीवर तेहतीस वेळा करीन, मगच जावयाच्या पाटावर बसेन. नाही जमलं तर पाट तुझा आणि तेहतीस अनारसे मी तुला वाढीन. शेजारचे पुंजाजी साक्षीला होते. माझ्या बायकोने, गोजराबाईने, एवढंच विचारलं की तोवर वांग्यांना पाणी कोण देणार. मोठ्या गोष्टीत हिचं लक्षच नसतं.

१७ एप्रिल, मंगळवार
वांगी घेऊन कारंज्याला. दुकानात तीन यो-यो. एक टिनाचा, एक हलक्या लाकडाचा, एक शिसमाचा चांगला जड. दुकानदार म्हणाला, नवशिक्याला हलका बरा. मी नवशिक्या आहे हे त्याला कोणी सांगितलं? कांदा निवडतो तसा हातात तोलून जड घेतला.
दोरा बेंबीपर्यंत ठेवा म्हणाला. ठेवला नाही. मोटेचा नाडा जितका लांब तितकं खोलचं पाणी, हे दुकानदाराला काय ठाऊक.

१८ एप्रिल
प्रॅक्टिस सुरू. यो-यो खाली छान जातो.

१८ एप्रिल, दुपार
उजव्या पायाचा अंगठा सुजला. दोरा बेंबीपर्यंत कापला. हा माझा स्वतःचा शोध.

२० एप्रिल, शुक्रवार
वर आला! दोनदा पूर्ण, एकदा अर्धा. अर्धा आल्यावर कपाळाला लागला, पण आला. नाचावंसं वाटलं, थोडा नाचलोही. नवशिक्यांसाठी पुस्तक लिहिण्याचं ठरवलं: यो-यो कसा निवडावा, कसा राखावा. आतापर्यंतचा रेकॉर्ड अडीच.
मोट गोजराबाईने हाकली.

२४ एप्रिल, मंगळवार
रेकॉर्ड सात. पण यो-यो कुरकुरतो. कुरकुरणारी बैलबंडी रस्त्यावर काढायला मला लाज वाटते, मग हा पाहुण्यांपुढे कसा काढू? दांडीला बंडीचं वंगण दिलं, एरंडेल आणि काजळी. पुस्तकात पूर्ण प्रकरण: दर शनिवारी वंगण.
आवाज साफ बंद.

२५ एप्रिल
यो-यो आता खाली जातो आणि तिथेच गरगर फिरत राहतो. वर येत नाही. पुंजाजी म्हणाले, हे त वर येऊनच नाही राह्यलं. मी समजावलं की ही पुढची पायरी आहे, ॲडव्हान्स. पुंजाजी मान हलवत गेले. त्यांचं वय झालं.

२९ एप्रिल, रविवार
वंगणाने दोरा कुजून तुटला. दोष दोऱ्याचा. गोजराबाईने टकळीवर नवा कातून दिला. दोरा तपासते म्हणून परसात घेऊन गेली, बराच वेळ आली नाही. ती काहीतरी मोजत होती, अठ्ठावीस, एकोणतीस असं ऐकू आलं. बहुधा कांदे.

३० एप्रिल
एकोणीस! सलग एकोणीस! वंगण आता मुरलं. उत्तमराव, पाट विसर. सगळ्या गल्लीला सांगून आलो. मला स्वतःचा फार अभिमान वाटतो.

५ मे, शनिवार
आज वंगणाचा वार. पाहतो तर दांडी कोरडी ठक्क. विचारलं तर गोजराबाई म्हणाली, दोरा घसरत होता म्हणून नवा दोरा लावला त्याच दिवशी राख लावून पुसली. मी रागावलो नाही. बाईमाणसाला यंत्रातलं कळत नाही, असं शांतपणे सांगितलं. उद्याचा मान आहे म्हणून वंगण दुप्पट दिलं.

६ मे, रविवार, धनज
ओसरी भरलेली. पाटाभोवती रांगोळी, ताटात तेहतीस अनारसे. मी यो-यो सोडला.
खाली गेला. तिथेच फिरत राहिला. सुरेख फिरला, एवढं लिहून ठेवतो. मग थांबला.
कोणी हसलं नाही, ते जास्त लागलं. पाट उत्तमरावाचा झाला. तो बसला, इतक्यात गोजराबाई चुलीतून चिमूटभर राख घेऊन आली. माझ्या बोटातून दोरा काढला, दांडी पुसली आणि म्हणाली, "याइचा हात दुखून राह्यला. याइच्या वतीनं मी करतो."
तेहतीस झाले. ती थांबली नाही. पन्नासच्या पुढे सासूबाई मोजायचं विसरल्या. उत्तमरावाचा रेकॉर्ड चाळीस. तो आपणहून पाटावरून उठला.
पाटावर गोजराबाई बसली. उत्तमरावाने तूप वाढलं, मी अनारसे. पाच तिने खाल्ले, उरलेले बांधून मागितले.

७ मे, सोमवार, परत घरी, इंझोरी
गोजराबाईला पुस्तक वाचून दाखवलं. तिने वंगणाचं प्रकरण फाडायला सांगितलं, जड यो-योचंही. दोरा बेंबीपर्यंत, एवढं ठेवा म्हणाली. ते दुकानदाराचं आहे.
मोट आजपासून मी हाकतो. तिला सकाळी प्रॅक्टिस असते.