सुमीच्या कार्डातली कोर

चैत्र शु. ४, शके १९०५
सुमीचं कार्ड आलं. लग्नाला पाच महिने, हे दुसरंच. सासरे वाचूनच पेटीत टाकतात म्हणून चार ओळी. खुशाली, गाय व्यायली, आणि "सासूबाई मला रोज कोर देतात." कशाची, ते नाही.
हे म्हणाले, "कुंकवाची! सासू हातानं कोर काढून देते, भाग्य समज."
पण कुंकू लावतात. देतात ती भाकरीची कोर. दारात आलेल्याला.

चैत्र शु. ७
पोथीत लक्ष नाही. दोन भाकरी खाणारी पोर.
लहानपणी काडीनं तिच्या कपाळावर कोर काढायची मी. हलायची, मग कोरीचा गोल व्हायचा. "आई, पुनव करून ठेवलीस!" म्हणून रडायची.

चैत्र शु. ११
उत्तर टाकलं. उघड विचारता येईना. लिहिलं, "कोर केवढी असते?" पोट भरतं का असं विचारतेय, हे तिला कळेल.
हे : "मॅट्रिक झालीस ती याच्यासाठी?"

चैत्र व. ६
कार्ड. "कधी बारीक, कधी जाड. सासूबाईंच्या हाताला येईल तशी. तू काळजी करू नको."
तीनदा वाचलं. कुंकवालाही लागू, भाकरीलाही. पोरगी भोळी की हुशार...

चैत्र व. ९
चुडाव्याच्या गंगूबाई बाजाराला आल्या होत्या. सुमीच्या सासरच्या शेजारीण. चहा दिला.
"लय गुणाची हाय तुमची सुमन. कपाळावर कोर कशी, चंद्रावानी! सासूच काढती."
जीव भांड्यात पडला.
"वाळली जरा. नव्या नवरीचं असतंच की बाई."
भांडं पुन्हा उलटं.

वैशाख शु. २
उद्या चैत्रगौरीचं शेवटचं हळदीकुंकू. त्या निमित्तानं हे सकाळच्या गाडीनं चुडाव्याला गेले, सुमीला आणायला. पाठवतीलच असं नाही. बजावलं, व्याह्यांपुढं काही विचारू नका, पंगतीला बसाल तेव्हा तिच्या ताटाकडं बघा.
"ताट बघू का पोर बघू?"
"दोन्ही."
संध्याकाळची गाडी येऊन गेली. स्टेशनावरून घर पंधरा मिनिटं. अर्धा तास होत आला. हे एकटे असते तर एव्हाना पोचले असते. सुमी बरोबर असली की उशीर होतोच, वाटेतल्या प्रत्येक दाराशी थांबून बोलायची सवय तिची. दिवा लावला. अजून होऊ दे उशीर.