उत्तरेच्या खिडक्या

३ जुलै २०२४

चोर! आमचे आर्किटेक्ट अमरसिंह सर चोर आहेत. इथं लिहिते, कारण ऑफिसात बोलायची सोय नाही.

जळकोटच्या मुलींच्या अभ्यासिकेचं काम आज आम्हाला मिळालं. संस्थेचे अध्यक्ष महालिंगप्पा, म्हणजे सगळ्यांचे अप्पा, धाराशिवला आमच्या ऑफिसात आले होते. सरांनी त्यांना पडद्यावर सगळं दाखवलं — कोणत्या महिन्यात ऊन कुठून शिरतं, वाचणाऱ्याच्या टेबलावर किती उजेड पडतो, मोठ्या खिडक्या उत्तरेलाच का. सगळं माझं. एकूण एक चित्र माझं. आणि वर तोंड करून म्हणाले, 'मी वर्षभर यावर अभ्यास केलाय.' ह्या माणसाला उजेड मोजायचं यंत्र सरळ धरता येत नाही. उलटं धरतो आणि म्हणतो, बंद पडलं.

शेवटी माझ्याकडं बघून काय म्हणावं — 'युसरा, चहा सांग.'

सांगितला. आयत्या बिळावर नागोबा, त्याला वर चहा.

४ जुलै

राग उतरत नाही.

हे शिकायला मी काय काय केलं! ऑफिस सुटल्यावर घरी ऑनलाइन कोर्स. रविवारी गच्चीवर पुठ्ठ्याची खोली करून तिच्यात मोबाइल ठेवायचा, खिडकी कापायची, उजेड मोजायचा, परत कापायची. शेजारणी विचारायच्या, हिचं लग्न जमत नाही म्हणून भातुकली खेळते का? अम्मीला मी घरातल्या प्रत्येक खिडकीशी बसवून सुईत दोरा ओवायला लावला. उत्तरेच्या खिडकीपाशी तिनं चष्म्याशिवाय ओवला. त्या दिवशी मला हा विषय कळला. उत्तरेचा उजेड सारखा असतो, ऊन अंगावर येत नाही. म्हणून तर अभ्यासिकेच्या त्या खिडक्यांना मी छज्जासुद्धा दिला नाही.

अम्मी म्हणते, 'गुस्सा पी, बेटा.' प्यायला काय सरबत आहे?

१९ ऑगस्ट

आज जळकोटला गेलो. जागेवर चुन्याच्या रेघा मारलेल्या. बघते तर काय — इमारत फिरलेली!

हायवे उत्तरेला आहे. अप्पांना दार हायवेकडं पाहिजे. मग सरांनी काय केलं, नकाशा तसाच्या तसा कागदावर फिरवून टाकला. पूर्वेचं दार गेलं उत्तरेला. आणि माझ्या उत्तरेच्या खिडक्या गेल्या पश्चिमेला. डोक्यापेक्षा उंच, भिंतभर लांब आणि बिनछज्ज्याच्या! दुपार कलली की ऊन थेट डोळ्यांत.

मी म्हणाले, 'सर, खिडक्यांची दिशा —'

सर अप्पांच्या देखत म्हणाले, 'इथं डोकं चालवू नकोस. सांगितलंय तेवढं कर.'

बरं. नाही चालवत.

२१ ऑगस्ट

फिरलेली इमारत कॉम्प्युटरवर चढवून बघितली. दुपारनंतर सगळी खोली लाल. लाल म्हणजे तिथं बसून वाचणं अशक्य. बघताना एवढं बरं वाटलं की मी दोनदा चालवून बघितलं.

अम्मीला दाखवलं. ती लाल रंगाकडं बघत राहिली. 'पोरी बसणार ना तिथं? सांगून टाक त्याला.'

मी का सांगू? ज्यानं वर्षभर अभ्यास केलाय त्याला कळायला नको?

१० ऑक्टोबर

भिंती वर आल्या. अजून सांगितलं तर निस्तरता येईल. मूग गिळून बसले आहे. मूग गोड लागतात.

२ डिसेंबर

कोर्स संपला, पास झाले. सरांना सर्टिफिकेट दाखवलं. मोबाइलवरून नजर न उचलता, 'छान.' बस, एवढंच.

त्यांनी उत्तर कुठं आहे एवढं जरी मला विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. असं वाटतं. खात्री नाही.

२८ जानेवारी २०२५

आज अप्पांनी स्वतःहून विचारलं! सर बाहेर फोनवर होते. 'ताई, उद्घाटनाचं स्टेज कुठं घालावं? तुमास्नी कळतंय त्यातलं.'

मी म्हणाले, 'आत पूर्वेच्या भिंतीला घाला, अप्पा, खिडक्यांसमोर. तोंडावर उजेड येतो, फोटो झकास निघतात. कार्यक्रम दुपारनंतर ठेवा.'

'व्हय, बराबर हाय,' म्हणाले. बिचारे. त्यांचं काही वाकडं नाही माझ्याशी, पण सरांच्या शेजारी बसणार म्हटल्यावर त्यांनाही थोडं सोसावं लागेल.

२२ फेब्रुवारी

झालं! जसं काढलं होतं तस्संच झालं.

मी मागच्या रांगेत, खिडक्यांकडं पाठ करून. स्टेजवर सर, अप्पा आणि पाहुणे. साडेचारपासून ऊन त्यांच्या पायांवरून वर चढायला लागलं. गुडघे, मग हार, मग तोंड. सरांचे डोळे चिंचोक्याएवढे झाले. कपाळावर हात धरून बसले. पाहुण्यांनी खुर्ची सरकवली, ऊन तिथंही होतं. अप्पांनी तर डोळ्यांवर उपरणंच ओढून घेतलं. पुढच्या रांगेतल्या पोरी खुसखुसत होत्या. मला ओढणी तोंडात कोंबावी लागली.

सर घाम पुसत माईकपाशी आले तशी मी उठले. माझंच काम त्यांच्या तोंडून काय ऐकायचं? तुळजापूरची एसटी मिळाली, खिडकीची जागा मिळाली. एकटीच हसत होते. शेजारच्या बाईनं विचारलं, काय ग, लग्न ठरलं का? मी म्हटलं, त्याहून चांगलं झालंय.

 रात्री जेवण चांगलं गेलं.

२५ फेब्रुवारी

अप्पांचा फोन.

'ताई, तुमी निघून गेलात. सर माईकवरून हाका मारत होते. म्हणाले, ह्यातलं काहीच माझं न्हाय, सगळं युसराचं. आधी पोरीचं नाव सांगितलं असतं तर अप्पांनी काम दिलं नसतं. खरं बोलले. न्हायच दिलं असतं मी.'

दाराशी बसवलेल्या दगडाचा फोटो पाठवलाय. त्यावर आराखडा करणारी म्हणून फक्त माझं नाव. कोरलेलं.

'आणि एक इचारायचं होतं, ताई. दुपारी उन्हानं बसवत न्हाय, पोरींनी खिडक्यांना साड्या बांधल्यात. पण तुमी कायतरी इचार करूनच केलं असंल ना?'