किडकं वांगं

अब्बा,

सलामाने सुरुवात करायला हवी, पण आज जीभ वळत नाही. काल तुमचा चाळिसावा झाला. अख्ख्या चामोर्शीच्या दुकानांच्या पाट्या तुम्ही रंगवलेल्या, त्यामुळे जो आला तो तुमच्या हाताची तारीफ करून गेला. गेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणे! म्हणून काल गप्प बसले आणि आज तुम्हालाच लिहिते आहे.

माझ्या चित्राला हात लावायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?

बाजारातून आणलेली भाजी मी पोत्यावर मांडून काढली होती. टमाटर, सांबाराची हिरवीगार जुडी आणि एक किडकं वांगं. अ‍ॅक्रिलिक झटकन वाळतं, म्हणून त्या वांग्याचं भोक पुन्हा पुन्हा रंगवलं. मनासारखं जमलं तेव्हा एकटीच हसले होते. चंद्रपूरच्या प्रदर्शनात जाणार होतं ते. माझं पहिलंच!

सकाळी उठून पाहते तर तुमच्या ऑइल पेंटने टमाटर लालभडक, वांगं गुळगुळीत. भोक गायब! खाली पाटीवर लिहितात तसं सावली देऊन ‘ताजी भाजी’. आणि कोपऱ्यात तुमची नेहमीची सही, ‘रशीद पेंटर’.

“किडकं वांगं कोन घेते बेटा? मी सुधरवून देल्लं. आता पान्यातबी रंग उडत नाई.” वर हसलात.

अम्मी म्हणाली, “जाऊ दे ना माय, त्यायनं प्यारानंच केलं.” खाक प्यार! एकदा विचारता आलं नसतं? चित्र प्रदर्शनाला गेलं नाही ते नाहीच, आणि तुम्हाला शेवटपर्यंत काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

आज ते बाहेर काढलं. तुमचा रंग थिनरने पुसावा तर खालचा माझाही निघतो. मग तुमच्याच वांग्यावर नवं भोक रंगवलं. तुमच्या ऑइल पेंटवर माझं अ‍ॅक्रिलिक धरेना; दुपारी नखाने टोकरलं, तर सालपट होऊन हातात आलं. खाली तुमचं वांगं तसंच चमकत होतं. मेल्यावरही ऐकत नाही तुम्ही!

तर आता तुम्ही ऐका. उद्या बाजार आहे. किडकंच वांगं निवडून आणीन, नव्या कॅनव्हासवर काढीन, माझी सही करीन आणि चंद्रपूरच्या पुढच्या प्रदर्शनाला स्वतः नेऊन देईन.

तुमचं चित्र चौकातल्या भाजीवाल्या बाईला देते आहे. टांगेल ती दुकानावर, तुमच्या सहीसकट. पान्यातबी उडत नाई म्हणालात ना? टिकून दाखवा.

अजून रागातच,
तुमची शबाना