नापास मीटर

३ ऑक्टोबर, सोमवार
माझा मल्टिमीटर पुन्हा गायब. दुपारी परत जागेवर, वायरी उलट्या गुंडाळलेल्या. चोर डावखुरा किंवा बेशिस्त. साहेब या महिन्यात आमच्या टेस्टिंग लॅबला इनचार्ज नेमणार. अर्थात मला. चोर पकडून दिला की चर्चेचीही गरज उरणार नाही.

४ ऑक्टोबर
ताईचं गुन्हेशास्त्राचं पुस्तक घेतलं. तिची परीक्षा आहे, पण ती सावकाश वाचते. एक मत असं: आकांक्षा मोठी आणि मार्ग बंद, की माणूस गुन्ह्याकडे वळतो. संशय शेजारच्या टेबलावरच्या टेक्निशियनवर. सतत शीळ घालतो म्हणून सगळे त्याला बुलबुल म्हणतात. त्यालाही इनचार्ज व्हायचंय. मार्ग मी अडवलाच आहे.

६ ऑक्टोबर
दुसरं मत: गुन्हा संगतीतून शिकतात. बुलबुल सगळ्यांबरोबर जेवतो. म्हणजे सगळेच संशयित. मी एकटी जेवते.

७ ऑक्टोबर
तिसरं मत बालपणाचं. चहाच्या वेळी बुलबुलला सहज विचारलं, घरी वडिलांचा धाक होता का. म्हणाला, "मॅडम, कुणासाठी स्थळ बघताय?" सगळे हसले. विषय टाळतो. नोंद घेतली.
ताई म्हणते, सरळ विचार ना त्याला, मीटर तू नेतोस का. तिला संशोधनाची पद्धत कळत नाही. कशी पास होणार कोण जाणे.

१० ऑक्टोबर, सोमवार
चौथं मत पटलं. संधी असते आणि राखण नसते, म्हणून चोरी होते. माणूस सुधारत बसू नका, संधीच काढून घ्या. चाचणीत फेल झालेल्या उपकरणावर आम्ही लाल 'नापास' स्टिकर लावतो. त्याला कुणी बोटही लावत नाही. माझ्या ठणठणीत मीटरवर तो लावला. विषय संपला.

११ ऑक्टोबर
मीटर दिवसभर जागेवर. साहेबांना सांगितलं, लॅबमधली एक मोठी समस्या मी सोडवली. कुठली, म्हणाले. मी नुसती हसले.

१२ ऑक्टोबर
मीटर नाही. नापास माल बुधवारी भंगारात जातो. स्टोअरच्या काकूंनी तोही दिला. नियमातच त्रुटी आहे.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार
भंगारवाल्याने मीटर ठणठणीत आहे म्हणून परत आणून दिला. चांगल्या उपकरणावर नापास स्टिकर लावणं हा आमच्याकडे गंभीर गुन्हा. इनचार्ज बुलबुल झाला. आल्या आल्या माझा जबाब घ्यायला बसला. मीटर आपणच न्यायचो, हे स्वतःहून म्हणाला. दर वेळी मला सांगून. माझ्या कानात हेडफोन असायचे म्हणे. मग आवाज खाली आणून म्हणाला, "कारणबिरण राहू द्या मॅडम. स्टिकर चुकून चिकटला, असं लिहितो. सही करा."
खोटा जबाब, आणि तोही इतक्या सहज. गुन्हेगारी वृत्ती अखेर सिद्ध झाली.
सही केली.